सात फुटांवर आत्या

खंडेनवमीला आमच्या घरात तेलाच्या बुधलीपासून काही सुटत नाही. वर्षभर राबलेल्या हत्यारांना त्या दिवशी पुसायचं, तेल द्यायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, ही रीत. मी पंचवटीत ब्लाउज शिवते. माझ्याकडे तीन मशिनी आहेत. त्यातली एक इतकी जुनी आहे की वनवासात सीतामाईची वल्कलं तिच्यावर शिवली असतील, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. निम्म्या बायका हसतात, निम्म्या मशिनीला नमस्कार करतात. तर त्या वर्षी तिन्ही मशिनी झाल्या, कात्र्या झाल्या, मिक्सर झाला, स्कूटर झाली, आमच्या ह्यांचा पान्यांचा डबा झाला, नेलकटरसुद्धा झालं. तरी बुधलीत तेल उरलं होतं आणि माझ्या अंगात उत्साह. तेवढ्यात कपाटावर बाबांचा कॅमेरा दिसला.

बाबा म्हणजे माझे सासरे. सरकारी कचेरीत धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांचा कॅमेरा घडीचा. कळ दाबली की पुढचं झाकण पडतं आणि काळ्या कातडी भात्यावर भिंग बाहेर येतं, लोहाराच्या भात्याचं पिल्लूच जणू. वयाने माझ्याहून मोठा. मला वाटलं, बिचाऱ्याला इतक्या वर्षांत कुणी तेलाचं बोट लावलं नसेल. भिंगाभोवतीच्या फटीत मी शिलाई मशिनचं तेल सोडलं. एक थेंब. माझा थेंब जरा मोठा असतो. वर कुंकू, वर अक्षता, वर झेंडू. हात जोडले आणि पुरणाकडे वळले.

दसरा झाल्यावर फूल काढलं आणि सहज चाप दाबून पाहिला. एरवी तो पालीसारखा टिक्‌ करतो. या वेळी गप्प. भिंगात डोकावले तर आतली पाती तेलाने एकमेकींना चिकटून बसलेली. चाप चढवायची एक बारीक दांडी असते, तीही अडली होती. मी तिला अंगठ्याने जरा रेटलं. आता माझ्या अंगठ्याचं सांगायचं तर पैठणीच्या सहा पदरांतून तो सुई अशी काढतो, जशी लोण्यातून सुरी. तीन वर्षांपूर्वी ह्याच अंगठ्याने मी गॅस सिलिंडरची टोपी काढली होती, जी सिलिंडर आणणाऱ्या दोघांना हलली नव्हती. तर अंगठा रेटला आणि आतून कट्‌ असा आवाज आला. सुई मोडल्याचा आवाज मी झोपेतही ओळखते. हा त्याच जातीचा होता.

मी कॅमेऱ्याची घडी घातली, तो पिशवीत घातला, पिशवी कापडाच्या ढिगात घातली आणि एक ब्लाउज शिवायला घेतला. दोन्ही बाह्या उजव्याच शिवल्या.

हा कॅमेरा नुसता जुना म्हणून जपलेला नव्हता. त्याला वर्षाकाठी एकच काम होतं आणि ते तीन आठवड्यांवर आलं होतं.

बाबांची थोरली बहीण सिन्नरला असते. आम्ही सगळे तिला आत्या म्हणतो, बाबा आक्का. दर भाऊबीजेला ती येते, ओवाळते, आणि हातात ताट तसंच धरून खिडकीजवळच्या स्टुलावर बसते. मग बाबा तिचा एक फोटो काढतात. एकच. ओवाळणी म्हणून तिला मागच्या वर्षीचा फोटो मिळतो. साडी नाही, पाकीट नाही, फोटो. माझ्या लग्नाच्या आधीपासून हे चालू आहे. सिन्नरला आत्यांच्या एका भिंतीवर हे फोटो ओळीने लावलेले आहेत. पहिल्या फोटोत दोन वेण्या पुढे घेतलेल्या, शेवटच्या फोटोत दात नाहीत. भिंत डावीकडून उजवीकडे बघत गेलं की बाई चालता चालता म्हातारी होते.

त्यात बाबांना काचबिंदू. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर पार गेलेली, आणि मधे चण्याएवढं भोक उरलंय त्यातूनही धुकंच दिसतं. गेली चार वर्षं ते फोटो बोटांनी काढत होते. स्टँडला सात फुटांची सुतळी बांधलेली. तिचं टोक आत्यांनी नाकाला लावायचं. सुतळी ताणली की बाबा म्हणायचे, "सोड." मग अंतर जुळवायला भिंगाचं कडं सात फुटांवर फिरवायचे, चाप चढवायचे आणि टिक्‌. फोटो दर वर्षी असा यायचा की आत्यांच्या भुवईचा पांढरा केस वेगळा काढून घ्यावा.

डॉक्टरांनी त्या वर्षी स्पष्टच सांगितलं होतं की उरलेलं धुकंही आता फार दिवस टिकायचं नाही. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले होते, "भाऊबीजेपर्यंत टिकलं म्हणजे झालं. आक्का खिडकीशी बसली की तिचा पदर कुठल्या रंगाचा, तेवढं कळतं अजून."

आणि मी त्या कॅमेऱ्यात तेल ओतलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "कॅमेरा कपाटावर नाही गं?"

"सर्व्हिसिंगला दिला, बाबा," मी म्हणाले. माझी जीभ माझ्या आधी उठते. "म्हटलं दिवाळीच्या आत एकदा पाहून घेऊ दे."

"कुणाला दिला?"

"आहेत एक. फार मोठे कारागीर. परदेशातून लोक त्यांच्याकडे पार्सलं पाठवतात."

असा कारागीर आता मला शोधायचा होता.

नाशकात द्वारका चौकाला एक कॅमेऱ्याचं दुकान आहे. तिथल्या माणसाने भाता उघडून पाहिला आणि मी त्याच्या काचेवर मेलेला उंदीर ठेवल्यासारखा तो मागे सरला. "मॅडम, हे आता शोकेसमधे ठेवायचं. तुम्ही नवीन डिजिटल बघा ना. स्वतः चेहरा शोधतो."

"चेहरा आमचा हरवलेला नाहीये हो," मी म्हणाले, आणि निघाले.

आमच्या ह्यांना मी खरं सांगितलं. हे अंबडच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतात, म्हटलं काही सुचवतील. ह्यांनी भिंगात टॉर्च मारला, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू लग्नाच्या होमात मी रॉकेल ओतलं होतं. "तेलात काय टाकलंस? अक्षतेचा दाणा दिसतोय आत."

"पूजा केली होती."

"मोबाइलवर काढू ना फोटो. बाबांना आवाज ऐकवू टिक्‌ करून."

हा माणूस मला लबाड म्हणतो!

शेवटी जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागच्या गल्लीत, घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा सापडले. टेबल एवढं की त्यावर एक मनगट मावावं. डोळ्याला भिंग लावून ते कॅमेऱ्यात बराच वेळ बघत राहिले. मधे माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, ह्याच्यात तेल कुणी टाकलं?"

"ते... घेतला तेव्हापासूनच..."

"ताजं आहे. मशीनचं आहे. वासाने सांगतो." मग त्यांनी चिमट्याने काहीतरी बाहेर काढलं आणि कागदावर ठेवलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा. "आणि हा?"

मी त्यांच्यापुढे सगळं ओकले. खंडेनवमी, बुधली, अंगठा. चाचा हसले नाहीत, ह्याचं मला फार बरं वाटलं. मग ते हसायला लागले आणि थांबेचनात. शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूस बघायला आला.

"ताई," डोळे पुसत ते म्हणाले, "मी पण औजारं पुसतो, तेल देतो. घड्याळ तेल मागतं. पर ह्याची पाती सुकी पाहिजेत, एकदम सुकी. तेल म्हणजे जहर. ते मी धुऊन देईन, त्याचं काही नाही. पर तुमच्या अंगठ्याने आतली कमान तोडली, बारीक स्प्रिंग असते ती. ही कमान आता बनत नाही. ह्याचाच भाऊ कुठं भेटला तर त्याच्यातून काढून ह्याच्यात बसवीन."

"भाऊ कुठं मिळेल?"

"वणीला एक फोटोवाला आहे. त्याच्या वालिदची घड्याळं माझ्याकडे यायची. त्यांच्याकडे असाच होता. विचारा."

घरी सांगितलं, सप्तशृंगीला जाऊन येते. दिवाळीचे बासष्ट ब्लाउज मशिनीवर पडलेले असताना सून देवीला निघाली म्हटल्यावर बाबांनी भुवया वर केल्या, पण देवीपुढे कोण बोलणार. स्कूटर अशी हाणली की दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागा मला हिरव्या पट्ट्यासारख्या दिसल्या आणि एक उसाचा ट्रॅक्टर मला बघून शेतात उतरला. शेताचा मालकच असावा, पण वेळ तशी जुळली खरी.

वणीच्या स्टँडजवळ तो स्टुडिओ होता. नावालाच स्टुडिओ, आत झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. काचेच्या कपाटात वाळलेल्या हाराखाली तो बसलेला. तोच! तीच कळ, तोच भाता. मी चाप चढवला, आणि अंगठा आधी पदरात बांधून, एका बोटाने दाबला. टिक्‌.

"माझ्या बापाचा हाय तो," मालक म्हणाला. "इकायचा नाय."

मी बसले. पाणी मागितलं. बाबांचे डोळे सांगितले, आत्यांची भिंत सांगितली. आत्यांचं वय जरा वाढवून सांगितलं. त्यांना एक आजारही लावला. मालकाची बायको आतून आली, माझ्या ब्लाउजची पाठ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये कुठं शिवलं वं ताई?"

सुटले! त्यांच्या पोरीचं मार्गशीर्षात लग्न होतं. मालक अर्धा तास "इकायचा नाय" म्हणत राहिला, बायको दुसरा अर्धा तास त्याला म्हणत राहिली, "अवं, इकू नका ना. द्या. लय धूळ खातोय तिथं. पोरीचे अकरा ब्लाउज शिवून देईन म्हनती ताई." शेवटी त्याने हार बाजूला केला. कॅमेरा माझ्या हातात देताना पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाला, "चालता हाय. मोडू नका."

मी हो म्हणाले. त्याच्यासाठीच तो नेत होते आणि हो म्हणाले.

चाचांनी तो टेबलावर घेतला, आतून बाहेरून बघितला, सगळ्या वेगांवर टिकटिक करून ऐकला. "मस्त आहे. मालकाने जपला." मग दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवले. "आता नीट ऐका. हा चालतोय. तुमचा मेलेला आहे. ह्याची कमान काढली की हा पण मेला. तुमच्यात बसली तर तुमचा जिवंत. पर कमान पन्नास-साठ सालाची आहे. काढताना तुटू शकते. तुटली तर दोन्ही गेले."

"तुटेल का?"

"अल्ला जाने. आठ आणे तुटेल, आठ आणे नाही. काय करू ते सांगा. आज काम घेतलं तर धनत्रयोदशीला देईन."

मी त्या दुकानात बसू शकेना आणि निघूही शकेना. उद्या सांगते म्हणाले. परवा सांगते म्हणाले. रोज एकदा गोदावरी ओलांडून भद्रकालीत जायचे आणि न सांगता परत यायचे. भाजीबाजारात मेथी घ्यायला गेले आणि मेथी सोडून तीन झाडू घेऊन आले. मशिनीवर बसले की वाटायचं चाचांकडे जावं, स्कूटरवर बसले की वाटायचं मशिनीवर बसावं. गिऱ्हाइकं दारात उभी. एक म्हणाली, "ताई, ह्या ब्लाउजला गळाच नाही." मी म्हणाले, "फॅशन आहे." ती तो तसाच घेऊन गेली, यावरून माझी तेव्हाची नजर कशी असेल ते समजा.

आणि घरी बाबा. "कारागिराचं झालं का गं?"

"नागपूरहून एक पार्ट यायचाय."

"काल इंदूरहून यायचा होता."

"इंदूरहून नागपूरला गेला, बाबा. तिथून येतोय."

धनत्रयोदशी तशीच गेली. भाऊबीज चार दिवसांवर आली आणि माझी अक्कल चालली ती अशी. दोन्ही भाऊ एकसारखे. बाबांना दिसत नाही. वणीचा कॅमेरा बाबांच्या कातडी पिशवीत घालायचा आणि हातात द्यायचा. ना मोडायचा, ना जोडायचा, ना सांगायचा. दुपारी मी तो घेऊन आले. बाबा खिडकीशी बसले होते.

"घ्या बाबा. झाला. असा चालतोय की नव्याने लाजावं."

त्यांनी पिशवीतून काढला. कळ दाबली. भाता उघडला. चाप चढवला, सोडला. टिक्‌. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी भिंगाच्या कड्यावर अंगठ्याचं नख ठेवलं आणि कडं हळूहळू फिरवलं. पूर्ण फिरवलं. परत मागे आणलं. पुन्हा फिरवलं.

"सूनबाई."

"काय बाबा?"

"माझ्या कड्याला सात फुटांवर खाच आहे. मी ब्लेडने पाडलेली. नजर जायला लागली त्या वर्षी." नख अजून कड्यावरच होतं. "ह्याला नाही."

एरवी मला दोन श्वासांमधे तीन कारणं सुचतात. कारागिराने घासून काढली असेल. पॉलिश केलं असेल. नागपूर. पण ते नख त्या गुळगुळीत कड्यावरून असं शोधत फिरत होतं, जसं कुणी अंधारात दाराची कडी शोधतं. माझ्या तोंडून एकही कारण निघालं नाही. जे निघालं ते सगळं खरं होतं आणि उलट्या क्रमाने होतं, आधी वणी, मग चाचा, मग अंगठा, मग तेल, मग खंडेनवमी.

बाबा ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "कुंकूही वाहिलंस?"

"हो."

"यंत्राला तेल देणं काही वाईट नाही. चूक झाली. पण अडीच आठवडे मला गाडीत बसवून इंदूर-नागपूर फिरवत होतीस, ते कशाला?"

मी तिथेच जमिनीवर बसले.

"कारागीर काय म्हणतो?"

चाचांचं म्हणणं मी जसंच्या तसं सांगितलं. कमान काढता येईल, बसवता येईल, तुटेल किंवा तुटणार नाही, आठ आणे इकडे, आठ आणे तिकडे. "मला तुमचाच दुरुस्त करायचाय, बाबा. तुमच्या बोटांना तोच कळतो. पण हिंमत होईना. तुम्ही सांगा."

मला खात्री होती ते म्हणतील, माझा जगव. मी मनात चप्पल घातलीसुद्धा.

बाबांनी वणीच्या कॅमेऱ्याचा चाप पुन्हा चढवला, कानाशी धरला, सोडला. सगळ्या वेगांवर ऐकला, अगदी चाचांसारखा. "हा बरोबर चालतोय," ते म्हणाले. "चालतं यंत्र मोडायचं नाही. मेलेल्यासाठी तर नाहीच. माझा राहू दे त्या चाचांकडे. पुढे कुणाचं काही तुटलं तर त्याचे स्क्रू कामाला येतील."

"पण खाच?"

"ह्याला खाच पाडायची तर मला दिसत नाही, आणि तुझ्या हातात ब्लेड मी देणार नाही." मग म्हणाले, "मला ह्याची ओळख करून घ्यावी लागेल. चार दिवस आहेत. स्टूल मांड. आक्काच्या जागी बस."

"बाबा, बासष्ट ब्लाउज..."

"बस म्हटलं ना."

जन्मात मी एका जागी सलग बसले असेन तर त्या चार दिवसांत. माझ्या आईला विचारा, मी पोटातही बसले नव्हते. सुतळीचं टोक नाकाला लावून मी स्टुलावर, हातात रिकामं ताट, आणि सात फुटांवर बाबा कॅमेऱ्याशी झोंबतायत. ह्या कॅमेऱ्याची दांडी जरा कडक होती, चाप जरा उजवीकडे. ते पुन्हा पुन्हा करत होते. बोट चुकायचं, ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचे, पुन्हा सुरू. फिल्म नाही, नुसती टिकटिक. दारात गिऱ्हाईक. "ताई, माझा मोरपिशी?" मी ओठ न हलवता, "उंद्या." "ताईंना काय झालंय हो काका?" बाबा, "काही नाही. तिचं बरं चाललंय. पहिल्यांदाच."

माझा पाय हलला की त्यांना कळायचं. दिसायचं नाही, पण सुतळीला कळायचं. "हललीस."

खाचेची सोय मी केली. कड्याभोवती काजं करायचा जाड दोरा गुंडाळला आणि सात फुटांच्या खुणेवर एक फुगीर गाठ मारली. वणीच्या कॅमेऱ्यावरचे आकडे मीटरमधे होते. मी हिशेब केला, गाठ मारली, दोन थेंब डिंक लावला. बाबांचं नख गाठीवर अडलं तेव्हा त्यांच्या तोंडावर जे आलं, ते मी वाढवून सांगणार नाही. नुसतं "हं" म्हणाले.

भाऊबीजेला आत्या आल्या. दारातूनच म्हणाल्या, "सून वाळली गं. ह्यांनी छळलं वाटतं?" ओवाळून झालं. मागच्या वर्षीचा फोटो पदराखाली गेला. ताट हातात घेऊन त्या स्टुलावर बसल्या, नाकाला सुतळी लावली आणि म्हणाल्या, "ए भाऊ, हा तुझा नाही रे. ह्याचं काळं जास्त काळं आहे."

"बोलू नको आक्का. सोड सुतळी."

खोलीत उजेड बेताचा असतो, म्हणून बाबा भिंग पूर्ण उघडं ठेवतात, आणि तसं ठेवलं की अंतराची जराशी चूकही लपत नाही. नख गाठीवर आलं. चाप चढला. आमचे हे मागे उभे. मी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरलेली. टिक्‌.

"आता पदर कुठला आहे सांग," आत्या म्हणाल्या. दर वर्षी विचारतात.

बाबांनी मान जरा इकडे केली, जरा तिकडे केली. बराच वेळ लागला. "हिरवा," ते म्हणाले.

पदर जांभळा होता. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरोबर."

फिल्म धुवायला आता मुंबईला पाठवावी लागते. तुळशीची लग्नं लागून गेली तेव्हा पाकीट आलं. बाबा मशिनीच्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसले.

"वाच," ते म्हणाले. "नकाशा वाचतात तसं. एक रेघ जास्त नको."

मी फोटो उजेडाला धरला. "ताट दिसतंय. निरांजनाची ज्योत. सुपारीवरच्या रेघा. अंगठी. ताट धरलेली बोटं. डाव्या अंगठ्याचं नख चिरलंय, तेसुद्धा."

"आणि आक्का?"

तोंडात वाक्य तयार होतं. पापणीचे केस मोजून घ्या, बाबा. त्यांना कोण दाखवणार होतं? ह्यांनाही पढवता आलं असतं. आत्यांनी हिरवा पदर मान्य केलाच होता. मी मशीनचं चाक हाताने उगीच एकदा फिरवलं, सुई वर आली, खाली गेली.

"आत्यांचा चेहरा मऊ आलाय, बाबा. ओळखू येतो. पण डोळे स्वच्छ नाहीत. भांड्यातल्या पाण्यातून बघावं तसे."

बाबा म्हणाले, "ताट स्वच्छ आणि चेहरा नाही. म्हणजे अंतर चेहऱ्याच्या पुढे पडलं. गाठ कुठं मारलीस?"

"दोनवर."

"दोन मीटर?"

"सात फूट म्हणजे दोनच ना साधारण."

"दोन मीटर आणि वर पाच इंच. ते पाच इंच कुठं गेले?"

"शिलाईत दाबले," मी म्हणाले. खरं तेच होतं. इंच-दोन इंच इकडेतिकडे झालं तर मी आत दाबते आणि बाईला म्हणते श्वास घेऊन बघा.

माझी अपेक्षा होती की आता ते उठून जातील. ते खुर्चीतच पुढे झुकले. "पुढच्या भाऊबीजेला आक्काला काय देऊ? ताटाचा फोटो?" आणि मग, "घरात फिल्म आहे अजून?"

"एक आहे."

"फोन लाव सिन्नरला."

मी फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. आत्या फोनवर इतक्या मोठ्याने बोलतात की मधे फोन नसता तरी चाललं असतं.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. तू रविवारी ये. फोटो काढायचाय."

"अरे, भाऊबीज झाली की! वर्षाला एकच ना तुझा? मला काय पुढच्या वर्षापर्यंत धरत नाहीस वाटतं?"

"तुला धरतो गं," बाबा म्हणाले. "माझ्या डोळ्यांना धरत नाही. रविवारी ये."

मग आत्यांनी हळू, म्हणजे सिन्नरच्या अलीकडे ऐकू येईल इतपत विचारलं, "ताट आणू का?"

"ताट नको. ताट आलंय."

फोन मी खांद्याने त्यांच्या कानाशी दाबून धरला होता, कारण नवी गाठ मारायला हात रिकामे पाहिजे होते. कड्यावरची जुनी गाठ दाताने तोडून झाली होती. आता फूटपट्टी सापडत नव्हती.